वनस्पती-विषाणूंच्या प्रती तपासताना या चुका टाळा

पानात विषाणू सापडला म्हणजे तो तिथे वाढतो आहे, असे गृहीत धरणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. टोबॅको मोझेक विषाणूचा आरएनए एकेरी, धन धाग्याचा आणि सुमारे 6400 न्यूक्लिओटाइडचा असतो. पेशीत शिरताच रायबोसोम त्यावरून थेट प्रथिने बनवतात. त्यांपैकी 126 आणि 183 किलोडाल्टनची दोन प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलांवर ठाण मांडून आधी पूरक ऋण धागा तयार करतात आणि मग त्या साच्यावरून नवे धन धागे काढत राहतात. मात्र लागण करण्यासाठी पानावर चोळलेल्या रसातही धन धागाच असतो. त्यामुळे त्यावरून कळते ती केवळ विषाणूची हजेरी; प्रती निघत असल्याची खरी खूण ऋण धागा.

तो शोधतानाही फसगत होते, आणि ही फसगत मला अधिक घातक वाटते. पेशीत धन धागे ऋण धाग्यांच्या कितीतरी पट असतात. शिवाय आरएनए स्वतःवरच दुमडला की त्याचे टोकच प्रायमरचे, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्याचे, काम करते. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर अगदी अपेक्षित जागी ठसठशीत बँड (पट्टा) उमटतो आणि तरीही तो खोटा असू शकतो. म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनची (आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या क्रियेची) एक नळी प्रायमर न घालताच चालवावी. तिच्यातही बँड आला, तर निष्कर्ष काढू नये. प्रायमरच्या पुढच्या, म्हणजे 5' टोकाला विषाणूत किंवा वनस्पतीत नसलेला क्रम जोडावा, पीसीआरचा (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या क्रियेचा) एक प्रायमर त्या जोडक्रमावर बेतावा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनमधला उरलेला प्रायमर पीसीआरपूर्वी काढून टाकावा, अन्यथा तोच पुन्हा चुकीच्या जागी बसतो.

हीच पद्धत जेमिनीव्हायरस या डीएनए असलेल्या वनस्पती-विषाणूला लावू नये. त्याचा डीएनए एकेरी, वर्तुळाकार आणि प्रत्येक तुकडा सुमारे 2700 न्यूक्लिओटाइडचा असतो. त्याच्याकडे स्वतःचे डीएनए पॉलिमरेज नसते. पेशीकेंद्रकात वनस्पतीचीच यंत्रणा तो राबवतो. कणातला डीएनए एकेरी असल्याने येथे दुहेरी रूप हीच वाढीची खूण, आणि ती सदर्न ब्लॉटवर (जेलवरचा ठरावीक डीएनए ओळखण्याच्या चाचणीत) वेगळी दिसते.

फ्लॉवरवरील मोझेक विषाणूचा डीएनए मात्र दुहेरी, सुमारे 8000 बेसजोड्यांचा असूनही प्रती आरएनएमार्फतच निघतात: विषाणूच्या डीएनएवरून बनलेल्या 35एस आरएनएवरून विषाणूचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर पुन्हा डीएनए बनवते. हा आरएनए मोजायचा असेल तर नमुन्यावर आधी डीएनएज (डीएनए तोडणारे विकर) वापरावे आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी सोबत ठेवावी, कारण कणांतला डीएनए उरला तर पीसीआर त्याच्याच प्रती काढील.