विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होताय? कॅज्युअल्टीपुरतं थोडं

कोकणातून किंवा कोल्हापूरकडून इकडे रुजू होणाऱ्या सिस्टरांनी एवढं धरून चालावं की इथली कॅज्युअल्टी (तातडीचे पेशंट घेणारा विभाग) पिकाच्या वेळापत्रकावर चालते. पावसाळा लागला की साप, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवरची फवारणी. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जण दगावले. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) छातीच्या वर गेली की फवारा तोंडावर उडतो, आणि घामाने भिजलेला शर्ट औषध अंगाला धरून ठेवतो.

पेशंट "घेरी आली", "कसंतरी होते" एवढंच सांगतो. फवारणीच्या औषधाचा डबा आणायला माणूस पाठवा, पण नाव कळेपर्यंत थांबू नका. दोन-तीन औषधं मिसळून फवारायची इथे सवय आहे, आणि विष प्यायलेल्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा "फवारताना झालं" म्हणतात. डाव्या कुशीवर घ्या, सक्शन करा, ऑक्सिजन लावा, सलाइनसाठी शिरा धरा, शुगर बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या डोळ्यांच्या बाहुल्या, लाळ, घाम, छातीत घरघर, स्नायूंची फडफड असं दिसलं तर ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) समजून डॉक्टरांना हाक मारा आणि त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, भरायला घ्या.

अँप्यूल 0.6 मिग्रॅची. पहिला डोस 1.8 ते 3 मिग्रॅ, म्हणजे 3 ते 5 अँप्यूल. दर 5 मिनिटांनी तपासायचं आणि फरक नसेल तर दुप्पट. थांबायचं ते छाती कोरडी झाल्यावर. सोबत काख कोरडी, नाडी 80 च्या वर, सिस्टॉलिक बीपी 80 च्या वर. नुसत्या बाहुल्या बघून थांबलात तर फसाल, आणि नाडी वाढली म्हणून हात आखडला तर पेशंट स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. रिकाम्या अँप्यूल किडनी ट्रेमध्येच राहू द्या, शेवटी मोजायला लागतात: एकूण लागलेल्या डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला ड्रिपमधून जातं. 18 मिग्रॅ लागलं असेल तर तासाला 3 ते 6 अँप्यूल. ताप, बडबड, फुगलेलं मूत्राशय, आतड्यांचा आवाज बंद, ही जास्त झाल्याची खूण.

हे चालू असतानाच मावशींना ग्लोव्हज देऊन कपडे काढायला लावा. साबण-पाणी केसांत, कानामागे, नखांतही. कपडे पिशवीत बांधून बाहेर. पोट धुण्याचा आग्रह नातेवाईक धरतात. तासाभरानंतर त्यात फारसा अर्थ नाही, आणि बेशुद्ध पेशंटला श्वासनलिकेत ट्यूब न टाकता धुतलं तर पाणी फुप्फुसात जातं.

तणनाशक म्हणाले तर वेगळा विचार. पॅराक्वाट असेल तर सवयीने ऑक्सिजन चालू ठेवू नका, सॅच्युरेशन खरंच घसरलं तरच.

ऑरगॅनोफॉस्फेटच्या पेशंटला दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सगळं निवांत वाटत असताना, उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर श्वास बंद पडायची वेळ जवळ आली आहे. हे राउंडवर सुटतं, ड्युटीवरच्या सिस्टरलाच दिसतं.

"पान लागलं" म्हणून आणलं तर तो सर्पदंश. करकचून बांधलेली दोरी आल्याआल्या कापू नका. आधी शीर धरा, डॉक्टर जवळ हवेत, मग हळूहळू सैल करा. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त, 20 मिनिटं न हलवता. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली काच चुकीचा निकाल देते. रक्त गोठलं नाही तर 10 व्हायल एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) तासाभरात, आणि त्याची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन 0.5 मिग्रॅ सिरिंजमध्ये भरून उशाशी. खाली झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन आला, तर दाताची खूण नसली तरी मण्यार धरा.

थ्रेशरमध्ये हात, रानडुकराचा हल्ला, मोटारसायकल: रक्त दाबून थांबवा, मान सांभाळा, टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) विसरू नका. रानडुकराच्या जखमेला रेबीजची लसही, आणि टाके घालायची घाई नको.

108 मधून पुढे पाठवताना कागदावर किती अँप्यूल, किती व्हायल, शेवटचा डोस किती वाजता हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि औषधाचा डबा सोबत द्या.