नव्या स्टेनलेसला तांबेरा येऊ नये म्हणून पॅसिव्हेशन कसं करायचं

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडचं रेलिंग असो की मच्छीच्या शेडमधलं टेबल, नवंकोरं स्टेनलेस पंधरा दिवसात तांबूस ठिपके धरतं आणि गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट दिलात. माल बऱ्याचदा बरोबरच असतो हो, घोळ वर्कशॉपमध्ये होतो. स्टेनलेसमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वर ऑक्साइडचा थर धरतं, जेमतेम काही नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत पण नाही, पण गंज अडवतो तो तोच. पॅसिव्हेशन म्हणजे ॲसिडने वरचं सुटं लोखंड काढून हा थर नीट धरू देणं. बाजूला एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं, गेट ग्राइंड करताना ठिणग्या उडून त्यावर बसल्या की साधं लोखंड चिकटतं आणि रात्रभर खारा वारा लागला की सकाळी मिरपूड भुरभुरल्यासारखे डाग.

म्हणून एसएसची, म्हणजे स्टेनलेसची, डिस्क नि ब्रश कायम वेगळे ठेवा. काम झालं की आधी साबणाने तेल काढा, तेल राहिलं तर पुढची मेहनत फुकट. वेल्डिंगच्या कडेला जो निळा-सोनेरी रंग येतो त्याच्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं, तो पिकलिंग पेस्टने, म्हणजे असे डाग खाणाऱ्या ॲसिडच्या लेपाने, काढलाच पाहिजे. पण पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, भाजलेलं लगेच कळत नाही आणि आत हाडापर्यंत जातं, त्यामुळे ॲसिडचे ग्लोव्हज, फेसशिल्ड आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर डबा उघडूच नका, खरंच सांगतो.

पेस्ट धुतली की प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाण्याला अर्धा-पाऊण किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, आणि त्यात जॉब निदान २० मिनिटं बुडवून ठेवा. मोठं रेलिंग असेल तर भिजवलेली फडकी गुंडाळा, मध्ये सुकू देऊ नका. ॲसिड सुटं लोखंड काढून नेतं, क्रोमियम जागेवर राहतं. टॉयलेट क्लीनर अजिबात नको, त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि क्लोराइडनेच तर खड्डे पडतात. धुवायला पण बोअरचं मचूळ पाणी नको, गोडं पाणी भरपूर वापरा आणि पुसून कोरडं करा.

खात्री करायची तर सुपारीच्या बागवाल्यांकडे बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) असतंच, २५० मिली पाण्यात ४ ग्रॅम आणि १ मिली सल्फ्युरिक ॲसिड, ६ मिनिटं ओलं ठेवायचं, तांब्याची झाक आली तर लोखंड अजून आहे, परत करा. ही टेस्ट सोबत पॅसिव्हेट केलेल्या वेगळ्या तुकड्यावर, मासळीच्या टेबलावर नाही.

जिथे लाटांचे तुषार पोचतात तिथे मात्र ३०४ ग्रेडचं स्टेनलेस नकोच, ३१६ ग्रेडचं घ्या, त्यातलं २-३ टक्के मॉलिब्डेनम क्लोराइडपुढे टिकतं, आणि तेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.