फुलून गेलेली शेवंती टाकू नका
दिवाळीत आणलेली शेवंतीची कुंडी थंडी पडेपर्यंत पिवळीधमक असते. मग फुलं तपकिरी पडली की बरेचजण ती सरळ कचऱ्यात टाकतात. जीव हळहळतो, कारण झाड जिवंतच असतं.

१. फुलं सुकली की फांद्या मातीपासून चार बोटं ठेवून छाटा.

२. कुंडी उन्हातच ठेवा. पाणी सकाळी, तेही वरची माती कोरडी लागली तरच.

३. बुडाशी कोवळ्या हिरव्या काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात. त्या बोटभर वाढल्या की मुळांसकट अलगद सोडवून वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. एकीच्या सहज तीन-चार कुंड्या होतात आणि पुढच्या थंडीत पुन्हा फुलतात. विकत आणायची गरजच नाही.

पावसाळ्यात मात्र कुंडीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.