ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट टोन करायची की साधीच ठेवायची, हे कसं ठरवायचं

माझ्याकडे आजीचा एक फोटो आहे, मागच्या दारी मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलीये. त्याची पहिली मोठी प्रिंट मी सेपियात, म्हणजे तपकिरी टोन करून काढली (टोन करणं म्हणजे काळ्या-पांढऱ्या प्रिंटला रंगाची झाक देणं), कारण नऊवारी, सूप, जुनं घर, म्हटलं शोभून दिसेल. आईने बघितली आणि एवढंच म्हणाली, "अरे, ती चांगली आहे की अजून, असा का केलास फोटो?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरांमध्ये तपकिरी फोटो म्हणजे हार घातलेला फोटो. तीच निगेटिव्ह साध्या काळ्या-पांढऱ्यात परत काढली आणि सुपातला तांदूळ, हाताच्या शिरा, सगळं आत्ताचं वाटायला लागलं.

तर विषय जुना दिसतोय एवढ्यावरून सेपिया करू नका. एकोणिसाव्या शतकातले फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या काळातल्या अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या) प्रिंट तपकिरी दिसतात तो त्या कागदाचा आणि प्रोसेसचा रंग, "जुनं वाटावं" म्हणून कोणी तो दिलेला नाही. आणि घरच्या अल्बममधले बरेच पिवळट फोटो म्हणजे तर नीट न धुतल्यामुळे कागदात राहिलेल्या फिक्सरचा (चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलचा) परिणाम, त्याला टोन म्हणतच नाहीत. खरं सेपिया टोनिंग म्हणजे कागदातल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करणं, आणि ते साध्या चांदीपेक्षा जास्त टिकतं, त्यामुळे प्रिंट पुढच्या पिढीला द्यायची असेल तर टिकाऊपणासाठीही टोनिंगचा विचार करा, पण रंग हे वेगळं कारण आहे, दोन्हींची सरमिसळ नको.

आधी साधी प्रिंट चांगली काढा. काळा नीट काळा, पांढऱ्यात डिटेल, मधले ग्रे मोकळे. फिकट, मरगळलेली प्रिंट टोन करून सुधारत नाही, नुसती फिकट तपकिरी होते. मग ती प्रिंट समोर ठेवून बघा की फोटोचा जीव कुठे आहे, उजेडात की काळोखात. मी तरी सगळं यावरच ठरवतो, कारण सेपियात प्रिंट आधी ब्लीचमध्ये फिकट करून मग टोनरमध्ये घालतात, ते ब्लीच आधी फिकट भागावर काम करतं आणि सेलेनियम हा दुसरा टोनर आधी गडद भागावर. धुकं, चेहरा, पांढरं धोतर, खिडकीतून येणारं ऊन असं काही असेल तर ब्लीच थोडाच वेळ देऊन फक्त हायलाइट (फिकट भाग) उबदार करता येतात, सावल्या काळ्याच राहतात, आणि मला हा हलका सेपिया पूर्ण सेपियापेक्षा कितीतरी जास्त आवडतो. कोकणकड्याचा पावसातला ओला काळा कातळ असेल तर सेपिया त्याची माती करतो, तिथे साधी प्रिंट किंवा सेलेनियम. सेलेनियम 1+20 (एक भाग टोनर, वीस भाग पाणी) एवढं पातळ केलं तर रंग फारसा बदलत नाही, काळा मात्र आणखी खोल जातो. वॉर्मटोन (मुळातच उबदार झाक असलेल्या) कागदावर लक्ष ठेवा, तिथे तो पटकन वांग्याच्या रंगाकडे झुकतो, शेजारी ओली साधी प्रिंट ठेवून तुलना करत राहा आणि हवा तो रंग येण्याच्या किंचित आधीच प्रिंट बाहेर काढा.

डार्करूमवाल्यांनी हे पाळाच. सेपियासाठी मूळ प्रिंट थोडी गडद काढा कारण टोनिंगमध्ये ती उजळते. ब्लीचच्या आधी खूप धुवा, कागदात हायपो (फिक्सर) राहिला तर ब्लीच चांदी खाऊन टाकतं आणि गेलेले हायलाइट परत येत नाहीत. ब्लीच जास्त झालं पण प्रिंट अजून टोनरमध्ये घातली नसेल तर नीट धुवून उजेडात साध्या डेव्हलपरमध्ये टाका, चित्र परत येतं. सेपिया टोनरमधल्या सोडियम सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, घरी करत असाल तर थायोयुरियावालं किट घ्या. ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा, ब्लीच किंवा सल्फाइडजवळ ॲसिड आणू नका आणि सेलेनियम मोरीत ओतू नका.

डिजिटल प्रिंट काढत असाल तर टोन दिसेल न दिसेल एवढाच ठेवा. लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कलर ग्रेडिंगमध्ये ह्यू (रंगछटा) 40 च्या आसपास आणि सॅच्युरेशन (रंगाचा जोर) 5 ते 8, याच्या पुढे गेलात की लग्नाच्या अल्बमचं पान दिसायला लागतं. साध्या कलर लॅबमधून प्रिंट घेणार असाल तर एक अडचण आहे, तो कलर पेपर असतो आणि ग्रे किंचित हिरवा नाहीतर गुलाबी येऊ शकतो. माझ्या एका सेटमध्ये चार प्रिंटना चार झाक आल्या होत्या, पैसेही गेले आणि प्रदर्शनही तोंडावर आलेलं. तेव्हापासून लॅबला फाइल देताना मी मुद्दाम थोडा उबदार टोन देतो, बारीक फरक त्यात लपतो. एकदम न्यूट्रल हवं असेल तर दोन-तीन ग्रे शाई असलेल्या इंकजेटवरच काढा.

आणि प्रिंट कुठे लागणार ते विचारा, हे लोक हमखास विसरतात. आपल्याकडे हॉलमध्ये बहुतेक 6500 केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी असतो, त्यात साधी प्रिंट निळसर, थंड वाटते. 2700 च्या पिवळ्या दिव्याखाली तीच प्रिंट मुळातच उबदार दिसते आणि टोन केलेली अगदी हळदीची वाटते. म्हणून छोट्या साइजमध्ये दोन्ही काढा, जिथे लावायची त्याच भिंतीवर चिकटवा, दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येता-जाता बघा. पहिल्या दिवशी टोन केलेलीच जिंकते, रंग दिसला की डोळा तिकडे जातो, तिसऱ्या दिवशी बऱ्याचदा मत बदलतं.

जी ठरेल तिच्या मागे मऊ पेन्सिलने कागद, टोनरचं प्रमाण, मिनिटं सगळं लिहून ठेवा. आजीची प्रिंट बघून आत्याने तशीच्या तशी मागितली, तेव्हा मागे लिहिलेलं होतं म्हणून एका संध्याकाळीत निघाली.