जुनी बिडाची शेगडी: घासण्याआधी ओळखा

लंडन किंवा एडिनबरामधल्या जुन्या घरात फायरप्लेसमध्ये रंगाचे थर चढलेली बिडाची शेगडी सापडली, तर लगेच तारेचा ब्रश उचलू नका. आधी ती कुठल्या काळातली हे पाहा.

कलश, लोंबत्या माळा, गोल फुलचकत्या, उभ्या पन्हळी दिसल्या तर शैली नवअभिजात, म्हणजे 18व्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने लोकप्रिय केलेली. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कजवळच्या कॅरन या लोखंडाच्या कारखान्यात (स्थापना 1759) अशा शेगड्या ओतल्या जात. रॉबर्टचा भाऊ जॉन तिथे भागीदार होता. मात्र नक्षी ॲडमची म्हणून शेगडीही त्याच काळातली असे नाही. व्हिक्टोरियन काळात आणि नंतरही नकला भरपूर निघाल्या. मागे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ब्रिटिश नोंदणीशिक्का असेल, तर नमुन्याची नोंदणी 1842 ते 1883 मधली. जुन्या शेगडीवरूनच साचा घेऊन ओतलेली नक्कल सुमारे 1 टक्का लहान भरते, कारण थंड होताना बीड आकसते. शिवाय माळेच्या पानांच्या कडा बोथट येतात. माझा भरवसा मापापेक्षा या कडांवर जास्त.

आता सफाई. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून सुका पॉलिशपेपर आणि हीटगन दोन्ही नकोत. रंग उतरवणारे जेल लावा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. खोबणीतला रंग लाकडी काडीने काढा. गंजावर रॉकेल आणि बारीक स्टीलवूल पुरते. मग पुसून पूर्ण सुकू द्या. पाण्यात भिजत घालू नका.

बोल्ट अडकला तर रात्रभर तेल मुरू द्या, हातोडी मारू नका. बीड वाकत नाही, थेट तडकते. तडा असेल तर बिडाचे वेल्डिंग जाणणाऱ्याकडेच न्या. तळाची जाळी जळून झिजतेच, ती नवी बसवायला हरकत नाही.

शेवटी ग्राफाइटचे काळे पॉलिश पातळ लावा आणि सुकल्यावर बुटाच्या ब्रशने चमकवा. दर्शनी भाग पॉलिशच्या स्टीलचा असेल तर तो काळा करू नका. पुष्कळ चांगल्या शेगड्या अशाच वाया गेल्या आहेत.

पेटवायची असेल तर धुराडे साफ करून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. ब्रिटनमध्ये धूर-नियंत्रण क्षेत्रात (जिथे धुराड्यातून धूर सोडण्यावर निर्बंध आहेत अशा भागात) उघड्या शेगडीत लाकूड चालत नाही, मान्यताप्राप्त धूरविरहित इंधनच लागते. पहिले काही जाळ लहान ठेवा.