वायुकोशातील पृष्ठताण आणि सर्फॅक्टंट : लिहिताना, मोजताना आणि प्रयोग करताना या चुका टाळा

सांगलीत अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना श्वसनाच्या धड्यावरील उत्तरपत्रिका दरवर्षी हाताखालून जातात. वायुकोश म्हणजे फुफ्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या, पृष्ठताण म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आकसवू पाहणारी ओढ आणि सर्फॅक्टंट म्हणजे वायुकोशाच्या आतल्या ओल्या थरावर पसरणारा पदार्थ. ‘सर्फॅक्टंट पृष्ठताण कमी करतो’ हे वाक्य त्या उत्तरपत्रिकांत जवळजवळ प्रत्येकाने लिहिलेले असते आणि त्याला गुणही द्यावेच लागतात, कारण ते खोटे नाही. मात्र ‘साबणही पृष्ठताण कमी करतो, मग फुफ्फुसाला साबणाचे पाणी का पुरले नसते?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. पुढील बहुतेक चुका या अर्ध्या वाक्यातूनच जन्म घेतात.

शरीराच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे 70 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. साबण तो 25 ते 30 पर्यंत खाली आणतो आणि तिथेच थांबतो. पृष्ठभाग आकसला तर साबणाचे जादा रेणू पाण्यात परत विरघळतात, त्यामुळे ताण जवळजवळ तेवढाच राहतो. सर्फॅक्टंटमधील मुख्य लिपिड, म्हणजे डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. श्वास सोडताना वायुकोश लहान होतो, तेव्हा या रेणूंना जायला जागा उरत नाही; ते एकमेकांना खेटून घट्ट थर करतात आणि ताण शून्याच्या जवळ येतो. श्वास घेताना थर विरळ होतो आणि ताण पुन्हा वाढतो. म्हणजे ताण कमी होणे हे अर्धेच काम झाले. तो क्षेत्रफळाप्रमाणे बदलणे हे खरे वैशिष्ट्य आहे. जॉन क्लेमेंट्स यांनी 1957 साली फुफ्फुसातील अर्काचा पृष्ठभाग ताणून व आकसवून हीच गोष्ट मोजून दाखवली. ‘वायुकोश लहान झाला की पृष्ठताण वाढतो’ असे लिहिणारा विद्यार्थी ताण आणि दाब यांची गल्लत करत असतो. शुद्ध पाण्याचा ताण त्रिज्येवर अवलंबून नसतो. वाढतो तो दाब.

दाबाचे गणित करताना दोन ठिकाणी घसरण होते. ताण (T) आणि त्रिज्या (r) यांवरून आतला दाब सांगणाऱ्या लाप्लासच्या सूत्रात साबणाच्या फुग्यासाठी 4T/r येते, कारण त्याच्या पापुद्र्याला आतला आणि बाहेरचा असे दोन पृष्ठभाग असतात. वायुकोशात द्रवाचा हवेला भिडणारा पृष्ठभाग एकच असल्यामुळे तिथे 2T/r घ्यावे लागते. एका छापील मार्गदर्शकात वायुकोशासाठीही 4 छापलेला मी पाहिला आहे आणि तो पाठ करून आलेल्या मुलांची समजूत काढण्यात एक पूर्ण तास गेला आहे. दुसरी चूक एककांची. त्रिज्या 100 मायक्रोमीटर म्हणजे 0.0001 मीटर. ताण 0.07 न्यूटन प्रति मीटर धरला तर दाब 1400 पास्कल, म्हणजे सुमारे 14 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा येतो. त्रिज्या निम्मी केली की तो 28 सेंटिमीटर होतो, म्हणजे लहान वायुकोशातली हवा मोठ्यात ढकलली जाईल. आता सर्फॅक्टंट आहे असे समजून मोठ्या वायुकोशासाठी 25 आणि लहानासाठी 10 मिलिन्यूटन प्रति मीटर ताण धरा : दाब अनुक्रमे सुमारे 5 आणि 4 सेंटिमीटर येतात. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, कारण शांत श्वासात त्रिज्या एवढी बदलत नाही. तरीही लहान वायुकोश मोठ्यात रिकामा का होत नाही, हे त्यांतून स्वच्छ दिसते. या स्थैर्याचे सगळे श्रेय मात्र सर्फॅक्टंटला देऊ नये. वायुकोश हे सुटे फुगे नसून त्यांच्या भिंती सामाईक असतात. एक कोसळू लागला की शेजारचे त्याला ओढून धरतात.

प्रयोगाच्या टेबलावर वेगळ्याच अडचणी येतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे रबरी फुगे वापरणे. नळीच्या दोन टोकांना लहान-मोठे फुगे लावून मधला कॉक उघडला की लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो आणि ‘हाच लाप्लास’ असे सांगून शिक्षक मोकळे होतात. परंतु तिथला ताण रबराच्या लवचिकतेचा असतो आणि तो फुगवण्याबरोबर बदलतो, त्यामुळे फुगे फार फुगवले तर निकाल उलटाही लागू शकतो. त्याऐवजी साबणाच्या पाण्याचे दोन बुडबुडे घ्यावेत. सलाईनला लावतात तो थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांचा कॉक, मिरजेच्या कोणत्याही औषध दुकानात मिळतो, तो या कामाला पुरतो. निकाल उलटा आला तर लहान बुडबुडा अर्धगोलापेक्षा कमी फुगवला होता का, हे आधी तपासावे. अर्धगोलाखालच्या टोपीची वक्रता-त्रिज्या मोठी असते, म्हणून दिसायला लहान असलेल्या बुडबुड्यात दाब कमी असतो. याच कारणाने लहान बुडबुडा पूर्ण नाहीसा होत नाही. नळीच्या तोंडावर मोठ्याइतक्याच वक्रतेची टोपी शिल्लक राहते. ही टोपी पाहून प्रयोग फसला असे समजू नये. बोअरचे दुष्फेन पाणी असेल तर साबणाचा साका होतो आणि बुडबुडे धरत नाहीत, तेव्हा आरओ फिल्टरचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावे. साबणाचा ताण आकसताना बदलत नाही, म्हणूनच हा प्रयोग सर्फॅक्टंट नसलेल्या फुफ्फुसाचे चित्र दाखवतो, ही गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. अन्यथा ती नेमका उलटा अर्थ काढतात.

दुसरा सोपा प्रयोग म्हणजे ताटलीतल्या पाण्यावर पूड भुरभुरून मध्ये साबणाचा थेंब टाकणे; ताण कमी होताच पूड कडेला पळते. सांगलीत पूड म्हटली की हात आपसूक हळदीकडे जातो. मोह आवरावा. साबण अल्कधर्मी असल्यामुळे हळद लाल होते, सगळा वर्ग त्या रंगाकडे पाहू लागतो आणि पूड कडेला पळाली ती ताणामुळे, हे बाजूलाच राहते. बारीक मिरपूड चांगली. ताटलीला आदल्या प्रयोगाचा साबण राहिला असेल तर पूड हलणारच नाही, म्हणून प्रत्येक वेळी ती भरपूर पाण्याने विसळून घ्यावी.

काही किरकोळ चुका : सर्फॅक्टंट फुफ्फुसावरणातील द्रवात नसतो, तो वायुकोशाच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार करतात. तो केवळ लिपिडही नाही. सुमारे दहावा हिस्सा प्रथिनांचा असतो आणि त्यांतील बी व सी ही प्रथिने थर झटपट पसरण्यास मदत करतात. त्याच्यामुळे फुफ्फुसाचा कम्प्लायन्स, म्हणजे सहज फुगण्याची क्षमता, वाढतो, घटत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाविषयी लिहिताना ‘फुफ्फुसे तयार झालेली नसतात’ एवढ्यावर थांबू नये. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखवले की अशा मृत बाळांच्या फुफ्फुसांतील अर्काचा पृष्ठताण हवा तितका उतरतच नव्हता. प्रत्येक श्वासाला कोसळलेले वायुकोश नव्याने उघडावे लागतात, त्यामुळे बाळाच्या बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते आणि ते श्वास सोडताना कण्हते. हे कण्हणे म्हणजे थोडी हवा आत अडवून ठेवण्याची धडपड असते. ते रडणे समजून दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. साधारण 35 आठवड्यांपर्यंत सर्फॅक्टंट पुरेसा होतो, परंतु आईला मधुमेह असल्यास त्याला उशीर होऊ शकतो, म्हणून केवळ आठवडे मोजून निर्धास्त होता येत नाही. मुदतपूर्व प्रसूतीचा संभव दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत लिगिन्स आणि हॉवी यांच्या 1972 सालच्या कामावर उभी आहे. श्वासनळीत थेट सर्फॅक्टंट सोडण्याचे यश फुजिवारा यांनी 1980 मध्ये नोंदवले. तोच उपाय प्रौढांच्या तीव्र श्वसनविकारात तितका लागू पडत नाही, कारण तिथे रक्तद्रवातील प्रथिने वायुकोशात झिरपतात आणि सर्फॅक्टंट निकामी करतात.