सोनेरी एल्म: पिवळ्याला औषध नको, हिरव्यावर लक्ष ठेवा

मेलबर्नमध्ये कुणी जुनं घर घेतलं आणि मागच्या अंगणात सोनेरी एल्म निघाला, की ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या वसंतात, फोन ठरलेला: "झाड पिवळं पडलंय, काय टाकू?" काही टाकू नका. उल्मस ग्लाब्रा 'ल्युटेसेन्स' ही जातच पिवळ्या पानांची. पालवी लिंबाच्या सालीसारखी पिवळी येते आणि उन्हाळ्यात पोपटीकडे झुकते. पहिल्या वर्षी मीही चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येणारं लोहाचं खत) ओतून बसलो होतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाचे हात पिवळं पान बघून शिवशिवतातच. लोह कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. इथे अख्खं पान सारख्याच रंगाचं असतं.

आता ऑगस्ट संपतोय. गणपतीच्या सुमारास फांद्यांना चपट्या, कागदी फळांचे घोस लागतील. आपल्याकडच्या वावळाची पापडी आठवेल. दोन्ही झाडं एकाच कुळातली. पालवी त्यानंतर, साधारण दसऱ्याच्या आगेमागे. आपटा इथे मिळत नाही, म्हणून आम्ही एका वर्षी हीच पानं सोनं म्हणून वाटली. शास्त्राला चाललं की नाही कोण जाणे, रंगाने तरी फसवलं नाही.

खरं काम बुंध्याशी आहे. हे झाड बहुधा दुसऱ्या एल्मच्या खुंटावर कलम केलेलं असतं. द्राक्षात कलमाखालचा डॉगरिजचा खुंट फुटला की आपण काय करतो? तेच इथे. जमिनीतून किंवा कलमाच्या सांध्याखालून हिरव्या पानांचा फुटवा आला, तर माती उकरून मुळाशी जिथून निघालाय तिथूनच काढा. वरवर छाटलात तर एकाचे चार होतात. दोन-तीन वर्षं दुर्लक्ष झालं तर लॉनभर हिरवी झुडपं उगवलेली दिसतील.

दुसरा शत्रू एल्म लीफ बीटल. तो इथे व्हिक्टोरिया राज्यात 1989 पासून आहे. जेमतेम 6 मिलिमीटरचा हा भुंगेरा थंडीत शेडमध्ये, लाकडाच्या ढिगात दडून बसतो आणि पालवीबरोबर बाहेर येतो. नोव्हेंबरपासून पान उलटून बघा: पिवळी, टोकदार अंडी ओळीने चिकटलेली दिसतात. अळ्या शिरांमधलं हिरवं खरवडतात, पानाची जाळी उरते. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळाशी द्यायचं तर फुलोरा संपल्यावर, वसंतातच. मोठ्या झाडात ते शेंड्यापर्यंत चढायला काही आठवडे लागतात. मात्रा लेबलवरचीच. बुंध्याभोवती मधमाश्यांची फुलझाडं लावलेली असतील तर हे औषध मातीत ओतू नका. झाड मोठं असेल तर खोडात इंजेक्शन देणारा आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, गाठा.

डच एल्म रोग, म्हणजे एल्म सुकवून मारणारी बुरशी, ऑस्ट्रेलियात अजून नाही. युरोप-अमेरिकेत त्याने कोट्यवधी झाडं नेली, न्यूझीलंडमध्येही तो 1989 मध्ये सापडला. भर उन्हाळ्यात एखादीच फांदी अचानक कोमेजून तपकिरी झाली, तर छाटून टाकायच्या आधी 1800 084 881 या झाडांच्या रोग-किडींच्या हॉटलाइनवर कळवा.

पाण्याचं सोपं आहे: लहान झाडाला आठवड्यातून एकदा खोलवर, रोजचं शिंपडणं नको. उत्तरेचा गरम वारा सुटला की पानांच्या कडा करपतात. सात-आठ सेंटीमीटर आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकवू नका.

डिसेंबर-जानेवारीत बीटलच्या अळ्या खोडावरून खाली उतरतात आणि बुंध्याशी हळदीच्या रंगाचे कोष होतात. झाडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. सकाळी दहा मिनिटांचं काम, पण आठवडाभर रोज.